कुकर, मकबरा आणि पाठचं भावंड

एखादं घर गरीब आहे की श्रीमंत, हे सरकारला जाणून घ्यायचं असतं तेव्हा ते बँकेचं पासबुक मागत नाही. मागूनही कुणी खरं सांगणार नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची ताई दारात येते आणि विचारते, कुकर आहे का? गादी? खुर्ची, टेबल, घड्याळ, शिलाई मशीन? फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन? सायकल की मोटारसायकल? बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र? पाणी कुठून येतं, संडास कसला, खाली फरशी की सारवलेली जमीन? या उत्तरांना गुण पडतात, गुणांची बेरीज होते, आणि मग देशातली सगळी माणसं चढत्या क्रमाने एका रांगेत उभी करून त्या रांगेचे पाच सारखे तुकडे पाडतात. पहिल्या तुकड्यातले सगळ्यात गरीब, पाचव्यातले सगळ्यात श्रीमंत. मला ही पद्धत मनापासून आवडते. आमच्या लग्नात एकूण चार कुकर आले होते. त्या हिशोबाने आम्ही संसाराची सुरुवात थेट पाचव्या तुकड्यातून केली असणार. पुढे दोन कुकर नणंदांकडे गेले, तो भाग वेगळा.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात मात्र ही पद्धत जरा डळमळते. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे पासष्ट कोटींची खरेदी. भाजीवाल्याकडे किलोवर कोथिंबिरीची जुडी फुकट मागणारं आमचं शहर; एवढ्या गाड्या एकदम घेतल्या तर भाव पाडून मिळतो, ही कल्पना दुसऱ्या कुठल्या गावाला सुचली नसती. पण सर्वेक्षणाच्या फॉर्मात ‘कार’ या गोष्टीला चौकोन एकच. त्यात ती मर्सिडीज बसते आणि आमच्या गल्लीतली, चार पोरांनी ढकलल्याशिवाय न हलणारी जुनी मारुतीही बसते. नळाचंही तेच. नळ आहे का, याला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याला पाणी कोणत्या वारी येतं हे विचारलं, तर सगळ्यांचे चेहरे एकाच तुकड्यात जमा होतील.

असो. त्याच सर्वेक्षणात थोडं पुढे आणखी एक प्रश्नमालिका असते. बाईला झालेलं प्रत्येक मूल, त्याचा जन्माचा महिना, त्याचं साल. धाकट्याच्या तारखेतून थोरल्याची तारीख वजा केली की दोघांतलं अंतर निघतं. आणि मग कुणीतरी अभ्यासक दूरवर संगणकापुढे बसून या अंतराची आणि कुकरची गाठ घालून देतो. ज्या घरात वस्तू जास्त, त्या घरात पाठचं भावंड उशिरा येतं का?

अभ्यासकांची अपेक्षा साधी असते. पैसा आला की शाळा आली, शाळा आली की डॉक्टर आला, डॉक्टर आला की तांबी आली. मुलं किती व्हावीत या बाबतीत हा जिना अगदी सरळ आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या सगळ्यात गरीब तुकड्यात बाईमागे सरासरी २.६ मुलं निघाली, सगळ्यात श्रीमंत तुकड्यात १.६. वस्तूंनी भरलेल्या घरात नेमकं एक अख्खं मूल कमी. पॉइंट सहा तेवढं दोन्हीकडे सारखं. पण दोघांत किती महिने जावेत, हा प्रश्न आला की जिना तितका सरळ वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये सल्ला दिला की, एक बाळंतपण झाल्यावर पुढच्याला निदान दोन वर्षं तरी दिवस जाऊ देऊ नयेत. त्यात नऊ महिने मिळवले की पावणेतीन वर्षं होतात. हा सल्ला पाळायला काही विकत घ्यावं लागत नाही. तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसते. तरीही तो पाळला जातो तो कुणाकडे आणि मोडला जातो तो कुणाकडे, हे कुकर मोजून पुरतं कळत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी फुलंब्रीकडच्या. वयाने माझ्याहून चांगल्याच लहान, पण पोळ्या करणारी बाई मावशीच असते, त्याला इलाज नाही. एकदा कणीक मळता मळता त्यांनी आपला सगळा हिशोब सांगितला. “सतराव्याला लग्न, ताई. अठराव्याला थोरली, विसाव्याला पोरगा. एकविसाव्याला ऑपरेशन केलं अन् मोकळी झाले.”

“मध्ये जरा दम नाही घ्यावासा वाटला?”

“दम घेऊन काय करायचं? बाजेवर दोनदा पडायचंच हाये, तर एका दमात पडून घ्यावं. सासू धडधाकट होती तवा. पाच वर्सं थांबले असते तर तिचे गुडघे गेले असते. मग माझं बाळंतपण कोण केलं असतं? तुमी?”

मी परातीकडे बघत राहिले. सर्वेक्षणाच्या फॉर्मात मळणीयंत्र आहे, बैलगाडी आहे, पण सासूचे गुडघे कसे आहेत, हा रकाना नाही. तो असायला हवा होता. मावशींच्या घरची खरी मालमत्ता ती होती, आणि ती झिजायच्या आत वापरून घेणं हा त्यांचा व्यवहार होता. त्या बाईला अडाणी म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या म्युच्युअल फंडाकडे बघावं.

आणि त्या एकट्या नाहीत. महाराष्ट्रात लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या जवळजवळ निम्म्या बायकांनी ऑपरेशन करून घेतलंय, असं हेच सर्वेक्षण सांगतं. गोळ्या, तांबी वगैरे अंतर राखायची साधनं त्या मानाने फार मागे. म्हणजे आपल्याकडे रीत अशी: लवकर लग्न, लागोपाठ दोन, आणि दुकान बंद. पाळणा लांबवण्यापेक्षा तो लवकर माळ्यावर टाकण्याकडे कल. ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या घरांत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम उचल देतो ती त्या जोडीवर, आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं ते उन्हाळ्यापर्यंत. तिथे कोणतं लेकरू कधी व्हावं यात डॉक्टरपेक्षा मुकादमाचा शब्द मोठा. पहिली मुलगी झाली की अंतर आखडतं, ते मात्र झोपडीत आणि बंगल्यात सारख्याच तत्परतेने. एरवी पाच तुकड्यांत विभागलेली माणसं या एका बाबतीत गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात.

आता रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊ. त्यासाठी आम्हाला लांब जावं लागत नाही, बेगमपुऱ्यापर्यंत रिक्षा मिळते. पाहुणे आले की आम्ही त्यांना बीबी का मकबरा दाखवतो, पाहुणे बघून म्हणतात, “अगदी ताजमहालासारखा आहे, फक्त जरा...” आणि पुढचं वाक्य गिळतात. साडेतीनशे वर्षं हे शहर ते गिळलेलं वाक्य ऐकत आलंय. ताजचा खर्च तीन कोटींच्या पुढे गेला म्हणतात. मकबऱ्याचा सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे इतका सांगतात. ते सात आणे वाचून मला या इमारतीविषयी फार जिव्हाळा वाटायला लागला. आईसाठी आझमशहाने तो बांधला, असं गाईड सांगतो. दारावर अताउल्ला आणि हंसपतराय या घडवणाऱ्यांची नावं आहेत, आणि काळ १६६०-६१ चा सांगतात. आझमचा जन्म १६५३ चा. सात-आठ वर्षांच्या मुलाने इतकं काटकसरीचं अंदाजपत्रक केलं असेल, तर आनुवंशिकतेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. वडील औरंगजेब होते.

पण गाईड जे सांगत नाही ते असं, की आग्र्याची आणि इथली अशा दोन्ही कबरी बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या आहेत. आणि दोघी सासू-सुना. एकमेकींना कधी न पाहिलेल्या, कारण सून घरात आली १६३७ मध्ये आणि सासू त्याआधी सहा वर्षं गेलेली.

सासू मुमताज. १६१२ मध्ये लग्न, १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मृत्यू. एकोणीस वर्षांत चौदा. पहिलं मूल १६१३ चं, शेवटचं १६३१ चं. मी कागदावर हिशोब मांडून पाहिला, दोघांत सरासरी सोळा-सतरा महिने पडतात. जहाँआरा १६१४, दारा १६१५, शुजा १६१६, रोशनआरा १६१७, औरंगजेब १६१८. दरसाल एक, दिवाळी अंकासारखं. चौदांतली सात जगली. हिंदुस्थानातल्या सगळ्यात श्रीमंत घरातली ही गोष्ट. त्या घरात कुकर नव्हता एवढंच.

हे असं का, याचं उत्तर त्या श्रीमंतीतच आहे. आई स्वतःच्या अंगावर पाजते तोवर, निदान सुरुवातीचे काही महिने, तिला पुन्हा दिवस जाण्याची शक्यता बरीच कमी असते. मूल जितकं वारंवार, रात्रीबेरात्री पितं, तितकं शरीर पुढच्या बाळाची तयारी पुढे ढकलतं. ही निसर्गाने गरिबाघरी फुकट दिलेली सोय. शाही जनान्यात मात्र मुलाला पाजायला दाया असत, मोठ्या घरच्या, मानाच्या. बेगमेचं अंग महिन्या-दोन महिन्यांत रिकामं आणि बादशहाच्या सेवेला हजर. जितकी दौलत जास्त, तितक्या दाया जास्त. जितक्या दाया जास्त, तितका पाळणा लवकर हलणार. तिकडे ज्या बाईने हे परकं मूल अंगावर घेतलं, तिचा स्वतःचा पाळणा लांबला. म्हणजे अंतर कुठे हरवलं नव्हतं. ते बेगमेच्या महालातून उठून दाईच्या घरी राहायला गेलं होतं.

या दायांच्या मुलांना कोका म्हणत. दूधभाऊ. त्यातला एक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: पेडगावचा बहादूरखान कोकलताश, शिवाजी महाराजांच्या फौजेने ज्याला चकवून छावणी लुटली तो. औरंगजेबाचा दूधभाऊ. एवढ्या दणदणीत फजितीनंतरही तो सुभेदारीवर कसा टिकला, असा प्रश्न मला शाळेत पडायचा. एका आईच्या दुधाची वशिलेबाजी फार पक्की असणार.

आणि सून, दिलरस बानू? घर तेच. दौलत तीच. दाया तशाच. पण पाच मुलं, वीस वर्षांत. जेबुन्निसा १६३८ मध्ये दौलताबादला. दुसरी जीनत १६४३ मध्ये. तिसरी जुब्दत १६५१ मध्ये थेट मुलतानला. मग आझम १६५३ मध्ये बुऱ्हाणपूरला आणि अकबर १६५७ च्या सप्टेंबरात इथे, औरंगाबादेत. दोन मुलांत सरासरी पाच वर्षांना महिनाभर कमी. जीनत आणि जुब्दत यांच्यात तर आठ वर्षं! जन्मगावं वाचताना मला आमच्या कॉलनीतल्या तहसीलदारांच्या कुटुंबाची आठवण येते. त्यांचीही प्रत्येक मुलगी वेगळ्या तालुक्याची. दख्खन, गुजरात, बल्ख, मुलतान, कंदहार, पुन्हा दख्खन. शहजादा होता, पण नोकरी बदलीची. हे कारण मला मनापासून पटलं असतं, जर मधल्या काळात त्याच शहजाद्याच्या दुसऱ्या बेगमेच्या घरी पाळणा हलत राहिला नसता. तेव्हा आठ वर्षांचं खरं कारण दिलरसलाच ठाऊक. इतिहासकारांनी लढायांच्या तारखा लिहून ठेवल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही.

श्रीमंतीवर सिद्धांत मांडणाऱ्याने या सासू-सुनांसमोर जरा थांबावं. एकाच तिजोरीवर बसलेल्या दोघी, एकीचं अंतर सोळा महिन्यांचं, दुसरीचं जवळपास साठ महिन्यांचं. आणि दिलरसच्या शेवटच्या दोन मुलांत चार वर्षांहून जास्त अंतर होतं. आजच्या कुठल्याही तज्ज्ञाने शाबासकी दिली असती. अकबर झाला आणि महिन्याभरात, ऑक्टोबरमध्ये, ती गेली. पस्तिशीची होती. अंतर राखलं की सगळं ठीक होतं, असं तो मकबरा तरी म्हणत नाही.

त्याच १६५७ च्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला होता. सईबाई आजारी, अंगावर दूध नाही, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी राजांना पाजलं. इथे मिजास नव्हती, गरज होती; पण हिशोब तोच. धाराऊंची स्वतःची लेकरं, अंतोजी आणि रायाजी, राजांचे दूधभाऊ झाले. बाळराजे दोन वर्षांचे असताना सईबाईही गेल्या. पुढे १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून पळालेला तो शहजादा अकबर सुधागडाच्या पायथ्याशी संभाजीराजांना भेटला, तेव्हा समोरासमोर बसलेले ते दोघेही एका सालातले, आणि दोघेही दाईच्या दुधावर वाढलेले. त्या भेटीत राजकारणाखेरीज काही बोलणं झालं असेल का, कोण जाणे. आमच्या शहराने एकाच्या बापाचं नाव काढून दुसऱ्याचं लावलं त्यावर गल्लोगल्ली चर्चा झाली; धाराऊचं नाव निदान एखाद्या प्रसूतिगृहाला द्यावं, असं सुचवणारा मात्र मला तेव्हा भेटला नाही.

निसर्गाची ती फुकटची सोय किती लांब जाऊ शकते, याचा दाखला आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात सापडला. तिथल्या कुंग लोकांच्या बायका कंदमुळं गोळा करत हिंडायच्या, मूल कडेवर, आणि ते तासाला अनेकदा दोन-चार घोट घ्यायचं. दोन मुलांत सुमारे चार वर्षं! ना तांबी ना गोळ्या. आमच्या सर्वेक्षणाची ताई तिथे गेली असती, तर कुकर, गादी, घड्याळ, सगळीकडे ‘नाही’ लिहून परतली असती. आणि अंतराच्या रकान्यात मुमताजच्या जवळजवळ तिप्पट आकडा.

आता उरलो आम्ही, रांगेच्या मधले. ना दाई, ना कलहारी. आमच्या अंतराचा निर्णय बिल्डर आणि बोर्ड मिळून घेतात.

बिल्डरचं असं, की लग्नानंतर बीड बायपासकडे टू बीएचके बुक होतो. पहिलं मूल भाड्याच्या घरात होतं. दुसऱ्याविषयी सगळ्यांचं एकच उत्तर: “पझेशन मिळू दे.” आमच्या नात्यातल्या एका जोडप्याला पझेशन कबूल तारखेच्या दोन वर्षांनंतर मिळालं. त्यांची धाकटी आज पहिलीत आहे. ती तिसरीत असती. रेरा कायद्यात उशिराच्या व्याजाची तरतूद आहे, पण उशिरा जन्मलेल्या मुलीला त्यातलं काही मिळत नाही.

बोर्डाचं गणित याहून किचकट आहे. ते मला आमच्या कॉलनीतल्या काकूंनी एका डोहाळजेवणात, भरल्या ताटावरून समजावून सांगितलं. दोघांत दोन इयत्तांचं अंतर असेल तर एक दहावीला आणि एक बारावीला, दोन्ही बोर्डं एकाच साली. घरातला टीव्ही वर्षभर बंद, आई-बापाचं बोलणंही बंद. तीन इयत्तांचं अंतर बरं वाटतं, पण थोरल्याने नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला की तो पुन्हा धाकट्याच्या दहावीत येऊन आदळतो. चार ठेवलं तर धाकटा दहावीला असताना थोरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फी दोन्हीकडे, आणि हॉस्टेलचं वेगळं. पाच-सहा ठेवलं, तर बालभारती मध्येच पुस्तकं बदलते आणि जपून ठेवलेला गठ्ठा रद्दीत जातो. “मग किती ठेवावं, काकू?” ओटी भरून घेणाऱ्या मुलीने घाबरून विचारलं. काकूंनी श्रीखंड-पुरीचा घास संपवला. “जुळी बरी,” त्या म्हणाल्या.

माझ्या दोघांत सहा वर्षं आहेत. विचारून ठेवलेलं अंतर म्हणून लोक कौतुक करतात. खरं सांगायचं तर त्या सहा वर्षांत मी नोकरीत कायम झाले, ह्यांनी प्लॉटचे हप्ते फेडले, आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले. पहिलं मूल आताच्या मावशींच्या आधीच्या मावशींनी सांभाळलं. त्या सकाळी स्वतःचं तान्हं आठ वर्षांच्या लेकीजवळ ठेवून माझ्याकडे यायच्या. त्यांचं तान्हं किती लवकर दुधावरून तुटलं असेल, हे तेव्हा मी विचारलं नाही. दाईला जहागीर मिळायची, आम्ही दिवाळीला एक पगार जास्त द्यायचो.

थांबण्याचे पैसे द्यावेत, ही कल्पना महाराष्ट्रात होऊन गेलीय. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहित जोडप्यांसाठी योजना काढली: पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ठेवलं ‘सेकंड हनिमून पॅकेज’. जिल्हा परिषदेच्या फायलीवर हे नाव मंजूर करणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. त्या टिपणीवर हेडक्लार्कने काय शेरा मारला असेल, याची कल्पना करत मी एक अख्खी दुपार मजेत घालवू शकते. साडेसात हजारांना तीन वर्षांनी भागलं तर दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. दुसऱ्या हनिमूनला महाबळेश्वरपर्यंतची एसटी तेवढी निघाली असती. पण गंमत बाजूला ठेवली तर तिथे कुणीतरी अचूक नस पकडली होती. नव्या सुनेला “काय, काही बातमी?” विचारणाऱ्या सासूला “चेक यायचाय” हे उत्तर देता येत होतं. “मला नकोय” हे उत्तर तिला देता आलं नसतं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. मग १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत पदराला खार लावून चालवलं. त्यांना आणि मालतीबाईंना मूल नव्हतं, ते त्यांनी होऊ दिलं नव्हतं. अंतराच्या तक्त्यात या घराची नोंद कुठे करायची? पैसा नाही, मूल नाही, वजाबाकीला तारीखच नाही. तक्ते करणाऱ्यांना अशी माणसं आवडत नाहीत.

आज हे काम आशाताई करतात. आमच्या भागात येणाऱ्या आशाताई गुलाबी साडीत, खांद्याला पिशवी, पिशवीत गोळ्यांची पाकिटं, निरोध आणि वजनकाटा. केंद्राची २०१२ पासूनची एक योजना आहे. आशाताईच्या हद्दीतल्या बाईने पहिल्या आणि दुसऱ्या मुलात तीन वर्षं अंतर ठेवलं, तर आशाताईला पाचशे रुपये मिळतात. म्हणजे अंतर ठेवायचं एकीने, पैसे दुसरीला. दायांचा व्यवहार उलटा फिरवावा तसं हे वाटतं मला, आणि तरी तो पाचशेचा आकडा बघून कुणी आशाताईचा हेवा करेल असं नाही. त्या पोलिओच्या डोसांसाठी आल्या असताना मी चहा ठेवला आणि विचारलं, तुमच्या दोन मुलींत किती अंतर?

“चौदा महिने,” त्या म्हणाल्या.

मी कपात चहा ओतायची थांबले.

“पहिली मुलगी झाली ना. सासूबाईंनी चौथ्याच महिन्यात दूध तोडायला लावलं. नातू पाहिजे होता त्यांना लवकर.”

“मग?”

“मग काय, दुसरीही मुलगी. तेव्हा मी आशा नव्हते, आणि मला पाचशे रुपये लावून थांब म्हणणारंही कुणी नव्हतं.” त्यांनी बिस्कीट चहात बुडवून वेळेवर बाहेर काढलं. “थोरली बी.कॉम.ला आहे, धाकटी नर्सिंगला. दोघी सकाळी एकाच स्कूटीवर जातात, एकमेकींचे ड्रेस घालतात, चपलेचा नंबरही एकच. तुमच्या मुलांना गाड्या दोन घ्याव्या लागल्या ना?”

दोन घ्याव्या लागल्या होत्या. दुसरीचे हप्ते अजून चालू आहेत.